मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज का?

एकाच फोनला आळीपाळीने दोन हेडफोन जोडून एकच गाणे ऐकले, तर बहुतेक जण चटकन निकाल देतात, ‘हा दुसरा चांगला आहे.’ का चांगला, असे विचारले की उत्तर येते, ‘याचा आवाज मोठा आहे.’ हे उत्तर बरोबर आहे का, ते आज आपण तपासून पाहू.

मोठेपणा आणि चांगलेपणा हे हेडफोनच्या आवाजाचे दोन निराळे गुण आहेत. पहिला मुख्यतः विद्युतशक्तीवर अवलंबून असतो. दुसरा अवलंबून असतो तो गाण्यातील निरनिराळ्या स्वरांचे एकमेकांशी असलेले प्रमाण कितपत राखले जाते यावर. या दोहोंची गल्लत झाली तर नको ती वस्तू विकत घेतली जाते. हे नुकसान लहान आहे. पण हेडफोनमध्ये जे उणे आहे ते आवाज वाढवून भरून काढू गेलो, तर होणारे नुकसान पुन्हा भरून येत नाही. म्हणून हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

विजेपासून ध्वनी

नेहमीच्या हेडफोनमध्ये तीन मुख्य भाग असतात: एक कायम चुंबक, त्याच्या क्षेत्रात ठेवलेले बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पडदा. वेटोळ्यातून वीज वाहू लागली की त्यावर बल लागते. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम तुम्ही शिकला आहात, तोच येथे लागू पडतो. प्रवाहाची दिशा बदलली की बलाची दिशा बदलते. पडदा पुढे-मागे हलतो आणि हवेत ध्वनिलहरी निर्माण होतात.

या हालचालीत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पडदा एका सेकंदात किती वेळा कंप पावतो, ही झाली वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात आणि तिच्यावरून स्वराची उंची ठरते. पडदा किती अंतर हलतो, हा झाला आयाम. त्यावरून आवाजाचा लहानमोठेपणा ठरतो.

निरोगी तरुण कानाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झ वारंवारतेने कंप पावते आणि जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झने. ‘स’ आणि ‘श’ या अक्षरांतील सळसळ हजारो हर्ट्झची असते. झांजेचा किणकिणाट तर १०,००० हर्ट्झच्याही पुढे जातो. गाणे चालू असताना हे सारे ध्वनी एकाच वेळी निर्माण होतात आणि बिचाऱ्या एकाच पडद्याला ते सगळे काढून दाखवावे लागतात!

ॲम्प्लिफायर काय करतो?

ध्वनीची नोंद वाचून मिळणारा विद्युतसंकेत दुबळा असतो. त्याला बळ देण्याचे काम ॲम्प्लिफायर, म्हणजे प्रवर्धक करतो. पण प्रवर्धक मूळ संकेत रबरासारखा ताणत नाही. तो बॅटरीतून ऊर्जा घेतो आणि मूळ संकेताची मोठी नक्कल तयार करतो. नळाची तोटी फिरवायला फार थोडे बळ लागते, पण तेवढ्याने पाण्याचा मोठा प्रवाह कमीजास्त करता येतो. येथे तोटी फिरवणारा हात म्हणजे दुबळा संकेत आणि टाकीतले पाणी म्हणजे बॅटरीतील ऊर्जा.

हेडफोन मात्र प्रवर्धकाची वाट पाहत थांबले नव्हते. अमेरिकेतील युटा राज्यात राहणाऱ्या नॅथानिएल बाल्डविन यांनी १९१० साली आपले हेडफोन अमेरिकी नौदलाला पुरवले. त्या काळी बिनतारी संदेशाच्या ग्राहक यंत्रात मिळणारी शक्ती अत्यल्प होती आणि तेवढ्याच शक्तीवर संदेश ऐकावा लागे. म्हणून हेडफोन अतिशय संवेदनशील असणे गरजेचे होते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांची निर्वात नळी बनवली होती. पुढे तिच्यापासून प्रवर्धक तयार झाले. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला आणि प्रवर्धकाचा आकार झपाट्याने लहान होत गेला. जुलै १९७९ मध्ये जपानमध्ये वॉकमन बाजारात आला, तेव्हा प्रवर्धक खिशात मावू लागला होता.

चांगल्या प्रवर्धकाची कसोटी अशी, की त्याने प्रत्येक वारंवारतेच्या संकेताला सारख्याच पटीने वाढवले पाहिजे. १०० हर्ट्झचा संकेत दहापट आणि ५,००० हर्ट्झचा सहापट केला, तर नक्कल बिघडली. लांब पल्ल्याच्या टेलिफोन मार्गांवर हा दोष फार जाचत असे. कारण तेथे एकामागून एक अनेक प्रवर्धक लावावे लागत आणि प्रत्येकाची चूक पुढच्याच्या चुकीत मिसळत जाई. ऑगस्ट १९२७ मध्ये हॅरल्ड ब्लॅक हे अभियंते हडसन नदीवरील नावेतून कामावर जात होते. तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यांनी तिची आकृती काढली. प्रवर्धकातून बाहेर पडणाऱ्या संकेताचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत सोडायचा, म्हणजे प्रवर्धक स्वतःची चूक स्वतःच कमी करतो. हिलाच ऋण प्रतिभरण म्हणतात. या युक्तीमुळे आजच्या साध्या फोनमधील प्रवर्धकदेखील २० ते २०,००० हर्ट्झच्या टप्प्यात जवळजवळ सारखे प्रवर्धन करतो.

थोडे गणित

ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. या मोजपट्टीची रीत लक्षात ठेवा: शक्ती दुप्पट झाली की पातळी सुमारे ३ डेसिबेलने वाढते, दहापट झाली की १० डेसिबेलने, शंभरपट झाली की २० डेसिबेलने.

समजा, एका हेडफोनला १ मिलिवॉट शक्ती दिली की तो १०० डेसिबेल ध्वनी देतो. त्याच्याकडून ११० डेसिबेल हवे असतील तर १० मिलिवॉट द्यावे लागतील आणि १२० डेसिबेलसाठी १०० मिलिवॉट. म्हणजे आवाज थोडा थोडा वाढवत गेलो, तरी शक्ती पटीपटीने वाढवावी लागते.

आता विद्युतदाब पाहू. शक्ती = (विद्युतदाब)² ÷ रोध, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे. समजा फोन जास्तीत जास्त १ व्होल्ट देऊ शकतो. ३२ ओहमच्या हेडफोनला त्यातून सुमारे ३१ मिलिवॉट मिळतात. ३०० ओहमच्या हेडफोनला मात्र जेमतेम ३.३ मिलिवॉट मिळतात. दोघेही १ मिलिवॉटला सारखाच आवाज देत असले, तरी या फोनवर पहिला दुसऱ्यापेक्षा सुमारे १० डेसिबेलने मोठा वाजेल. येथे दुसरा हेडफोन वाईट आहे असे म्हणता येईल का? मुळीच नाही. त्याला जास्त विद्युतदाबाचा प्रवर्धक हवा, एवढाच याचा अर्थ.

प्रवर्धकाची दोन दुखणी

प्रवर्धकाच्या कुवतीबाहेर त्याच्याकडून काम मागितले, तर पहिले दुखणे सुरू होते. बॅटरी जेवढा विद्युतदाब देऊ शकते त्याच्यावर संकेत जाऊच शकत नाही. मग लहरीचे माथे छाटले जातात. सुळक्यांचे पठार होते. अशा छाटलेल्या लहरीत मूळ संकेतात नसलेले ध्वनी शिरतात. १,००० हर्ट्झची शुद्ध लहर वरून आणि खालून सारखी छाटली, तर तिच्यात ३,००० आणि ५,००० हर्ट्झचे ध्वनीही मिसळतात. कानाला ते चिरके, फाटके वाटते. आवाज ‘फाटला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हेच घडलेले असते.

दुसरे दुखणे थोडे छुपे आहे. प्रवर्धकाच्या पोटातही थोडा रोध असतो आणि तो हेडफोनशी एकसरी जोडणीत असतो. हेडफोनचा विजेला होणारा विरोध सर्व वारंवारतांना सारखा नसतो. पडद्याच्या नैसर्गिक कंपनाजवळ तो पुष्कळ वाढतो. समजा एका हेडफोनचा विरोध १,००० हर्ट्झला ३२ ओहम आणि १०० हर्ट्झला ६४ ओहम आहे. प्रवर्धकाचा अंतर्गत रोध ३२ ओहम असेल, तर पहिल्या वारंवारतेला हेडफोनच्या वाट्याला निम्मा विद्युतदाब येतो आणि दुसरीला दोन-तृतीयांश. म्हणजे खालचे स्वर सुमारे २.५ डेसिबेलने फुगतात. अंतर्गत रोध २ ओहमच असेल, तर हा फरक पाव डेसिबेलच्या आसपास राहतो. म्हणूनच एकच हेडफोन दोन उपकरणांवर निराळा वाजू शकतो. प्रवर्धकाचा अंतर्गत रोध हेडफोनच्या रोधाच्या मानाने फार कमी असावा, असे जाणकार सांगतात ते याच कारणाने.

हेडफोनचा आलेख

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रवर्धकाने सर्व वारंवारतांचे संकेत सारखे वाढवून दिले, तरी हेडफोन त्यांचे ध्वनीत रूपांतर करताना पक्षपात करतो. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर ध्वनीची पातळी घेऊन आलेख काढला, तर त्यात टेकड्या आणि दऱ्या दिसतात. यालाच वारंवारता-प्रतिसाद असे म्हणतात. १०० हर्ट्झजवळ दरी असेल, तर डग्ग्याचा घुमारा हरवतो. ३,००० हर्ट्झजवळ दरी असेल, तर शब्द अस्पष्ट होतात. ८,००० हर्ट्झजवळ उंच सुळका असेल, तर प्रत्येक ‘स’ कानाला टोचतो.

साध्या टेलिफोनवरून फक्त ३०० ते ३,४०० हर्ट्झच्या दरम्यानचे ध्वनी पाठवले जात. प्रौढ पुरुषाच्या आवाजाची मूळ वारंवारता १२० हर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे ती टेलिफोनवरून येतच नसे! तरीही माणूस ओळखू येई. कारण वरच्या पटींतील स्वर ऐकून मेंदू मूळ स्वर जुळवून घेतो. बोलणे समजण्यास एवढे पुरते. संगीताचा भरीवपणा मात्र त्यात उरत नाही.

मग आलेख अगदी सपाट असलेला हेडफोन सर्वांत चांगला म्हणावा का? येथे एक गंमत आहे. आपल्या कानाचा मार्ग म्हणजे सुमारे २.५ सेंटिमीटर लांबीची, आतल्या टोकाला कानाच्या पडद्याने बंद झालेली नळी. एका टोकाला बंद असलेल्या नळीचे अनुनादाचे सूत्र वापरा: वारंवारता = ध्वनीचा वेग ÷ (४ × लांबी). ३४० ला ०.१ ने भागले की उत्तर येते ३,४०० हर्ट्झ. म्हणजे समोरून येणाऱ्या ध्वनीतील ३,००० हर्ट्झच्या आसपासचा भाग कान स्वतःच वाढवून घेतो. कानात बोंडासारखा बसणारा हेडफोन ही नळीच बुजवतो आणि ही नैसर्गिक वाढ बिघडते. म्हणून तयार करणाऱ्याला त्या भागात मुद्दाम टेकडी ठेवावी लागते. ध्वनिमापकाच्या लेखी ती टेकडी असते. ऐकणाऱ्याला तीच स्वाभाविक वाटते.

हेडफोन कानात कसा बसतो, यावरही बरेच अवलंबून असते. कानात बसणाऱ्या हेडफोनभोवती फट राहिली, तर हवेचा दाब त्या फटीतून निसटतो आणि त्याचा सर्वांत मोठा फटका खालच्या स्वरांना बसतो. हेडफोनवर दोष येतो, पण खरा दोष चुकीच्या मापाच्या रबरी टोपीचा असतो.

कान कसा फसतो?

बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ साली एक महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यांनी श्रोत्यांना हेडफोनवर वेगवेगळ्या वारंवारतांचे ध्वनी ऐकवले आणि कोणते ध्वनी सारखेच मोठे वाटतात, ते नोंदवले. पुढे या मापनात सुधारणा होत गेल्या. २००३ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकातील आकडे पाहा. १,००० हर्ट्झच्या ४० डेसिबेल ध्वनीइतकाच मोठा वाटण्यासाठी १०० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ६४ डेसिबेल असावा लागतो; २४ डेसिबेल जास्त. पण १,००० हर्ट्झचा ध्वनी ८० डेसिबेल असेल, तर १०० हर्ट्झचा सुमारे ९२ डेसिबेल पुरतो. फक्त १२ डेसिबेल जास्त.

याचा अर्थ काय? आवाज लहान असताना खालचे स्वर आपल्याला कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की ते आपोआप भरून येतात. हेडफोनचा आलेख तसूभरही बदललेला नसतो. बदललेली असते ती आपल्या कानाची जाणीव. म्हणूनच दोन हेडफोनांपैकी जो थोडा मोठा वाजतो, तो भरीव आणि ‘चांगला’ वाटतो. खरी तुलना करायची असेल, तर आधी दोघांचे आवाज सारखे करून घेतले पाहिजेत. तराजूची पारडी रिकामी असताना समान नसतील, तर वजन बरोबर कसे येणार?

या चुकीची किंमत

समजा एका हेडफोनमध्ये डग्ग्याचा घुमारा १२ डेसिबेलने उणा पडतो. ऐकणाऱ्याला चुकल्यासारखे वाटते आणि तो आवाज वाढवतो. पण आवाजाचे बटण फक्त डग्गा वाढवत नाही; ते सर्वच स्वर वाढवते. घुमारा १२ डेसिबेलने वर आणायचा, तर सगळ्याच ध्वनींची शक्ती जवळजवळ १६ पट होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी ८० डेसिबेलचा ध्वनी आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकण्यास हरकत नाही. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबेलची आहे. पातळी दर ३ डेसिबेलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे प्रौढांसाठी ८३ डेसिबेलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ डेसिबेलला केवळ अडीच तास. तेही साऱ्या आठवड्यात मिळून! ८० वरून ९२ वर जाणे म्हणजे आपण वर पाहिलेली १२ डेसिबेलची वाढच. धावत्या बसमध्ये किंवा लोकलमध्ये बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी बटण वाढवणारा प्रवासीही नकळत हेच करत असतो.

आपल्या अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यातील सूक्ष्म रोमपेशी कंपने टिपून मेंदूकडे संदेश पाठवतात. अतिरिक्त ध्वनीने या पेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बहुधा पहिला घाव ३,००० ते ६,००० हर्ट्झच्या पट्ट्यात बसतो. कानाची नळी ३,४०० हर्ट्झच्या आसपासचा ध्वनी वाढवते, हे आपण पाहिलेच. तेही याचे एक कारण आहे. ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ अशा व्यंजनांची ओळख ज्या वरच्या वारंवारतांवरून पटते, त्यांतल्या पुष्कळशा याच पट्ट्यात येतात. म्हणून ऐकू तर येते, पण समजत नाही, अशी माणसाची स्थिती होते.

हेडफोनच्या आलेखातील दरी वस्तू बदलून भरता येते. कानाच्या आलेखात पडलेली दरी मात्र कायमची. तेव्हा खालचे स्वर कमी वाटले तर प्रथम हेडफोन नीट बसला आहे का ते पाहा. योग्य मापाची टोपी लावा. फोनमध्ये स्वरांचा समतोल साधण्याची सोय असेल, तर खालचे स्वर वाढवण्याऐवजी इतर स्वर थोडे उतरवा. गोंगाटात असाल तर गाणे नंतर ऐका. बटणाकडे हात सर्वांत शेवटी गेला पाहिजे.

करून पाहा

१. एका टोकाला बंद असलेले पेनाचे टोपण घ्या. त्याच्या तोंडावरून आडवी फुंकर मारून शीळ काढा. आतील खोली ५ सेंटिमीटर असेल, तर वारंवारता सुमारे १,७०० हर्ट्झ येईल. टोपण निम्म्या खोलीचे असते तर किती? तुमच्या कानाच्या नळीशी ते ताडून पाहा.

२. हेडफोनवर आवाज लहान ठेवून तबल्याची साथ असलेले गाणे लावा. कानातले बोंड किंचित सैल करा आणि मग पुन्हा नीट बसवा. चाटीचा आणि डग्ग्याचा आवाज यांपैकी कोणता जास्त बदलतो?

३. स्पीकरवर तेच गाणे आधी मध्यम आणि मग अगदी हळू आवाजात ऐका. कोणते वाद्य आधी नाहीसे होते? फ्लेचर आणि मन्सन यांच्या शोधावरून कारण सांगा.

४. ८० डेसिबेलला आठवड्याचे ४० तास, या हिशोबाने ९५ डेसिबेलला किती मिनिटे मिळतील? उत्तर काढा आणि मग आपण रोज किती वेळ हेडफोन लावतो, त्याच्याशी ताडून पाहा.